संगणकातला हेर कसा सापडतो

हेर म्हटला की आपल्याला पहिल्यांदा आठवतात ते बहिर्जी नाईक. त्यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत इतिहास किती आणि दंतकथा किती, हा वाद आपण इतिहासकारांवर सोडू. परंतु हेराच्या धंद्याची दोन सूत्रे त्या गोष्टींवरून शाळेतल्या पोरालाही कळतात. हेर ओळखू येता कामा नये, हे पहिले. आणि मिळालेली बातमी त्याने धन्याला पोचविली पाहिजे, हे दुसरे. बातमी न पोचविणारा हेर काय कामाचा? वेशांतर कितीही बेमालूम असो, रात्रीबेरात्री त्याला गडाची वाट धरावीच लागते, आणि पकडला जायचा असला तर तो बहुधा त्या वाटेवरच पकडला जातो. वाचकहो, हे दुसरे सूत्र तेवढे ध्यानात असू द्या. आज ज्या हेराविषयी बोलावयाचे आहे त्याला पाय नाहीत, वेश नाही, पण बातमी पोचविण्याची गरज त्यालाही चुकलेली नाही.

पुढे इंग्रजांच्या अमदानीत हेरगिरीला कायद्याची बैठक मिळाली. १८८५ च्या तार कायद्याने तारांवर आणि १८९८ च्या टपाल कायद्याने पत्रांवर सरकारला हात ठेवता येऊ लागला. १० जुलै १९३० रोजी आपल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. त्या काळी चळवळीतली माणसे पत्र हाती पडले की आधी पाकीट निरखीत. डिंक दुसऱ्यांदा ओला झाल्यासारखा दिसतो काय? लाखेची मोहोर एका कडेला वितळून पुन्हा बसविली आहे काय? टपालाच्या दोन शिक्क्यांत असावे त्याहून अंतर जास्त आहे काय? पत्र वाचणारा कितीही हुशार असो, कागदाला हात लागला की खूण राहते. पत्र फाडून फेकले तर खूणही गेली. म्हणून शहाणी माणसे असे पाकीट जपून ठेवीत. संगणकाच्या बाबतीतही गोष्ट हीच आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे.

संगणकात, किंवा खिशातल्या मोबाइलमध्ये (तोही संगणकच, बरं का), मालकाला न कळता बसून राहणारा आणि तिथली माहिती बाहेर धाडणारा जो कार्यक्रम, त्याला स्पायवेअर म्हणतात. त्यातला एखादा आपण दाबलेली कळ न् कळ टिपून ठेवतो; मग पासवर्ड काय आणि मित्राला लिहिलेले पत्र काय, त्याला सारखेच. एखादा पडद्याचे फोटो काढतो. आणि सर्वांत वाईट जो, तो यंत्राचा कासराच दुसऱ्याच्या हाती देतो; हजार मैलांवर बसलेला माणूस तुमच्या संगणकात फाइली उघडू शकतो, नेऊ शकतो, आणि ठेवूही शकतो. हे ‘ठेवू शकतो’ विसरू नका.

यवतमाळच्या कास्तकाराला हे समजावयाला कठीण जाऊ नये. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरते तेव्हा वरून बोंड हिरवेगार दिसते. मग तो पाहतो काय? डोमकळ्या पाहतो, चार हिरवी बोंडे फोडून पाहतो, कामगंध सापळ्यात रोज किती पतंग आले ते मोजतो. अळी दिसो न दिसो, तिची खूण दिसते. मात्र हंगाम संपल्यावर पऱ्हाटी तशीच उभी ठेवली तर पुढल्या साली पुन्हा तेच, हाही अनुभव आपल्या जिल्ह्याने घेतला आहे.

संगणकाची रोगराई प्रथम आली ती हेर म्हणून नव्हे, विषाणू म्हणून. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ नावाचा विषाणू फ्लॉपीवरून देशोदेशी गेला. १९९२ साली ‘मायकेलअँजेलो’ नावाच्या विषाणूने जगभर घबराट केली. ६ मार्च ही त्याची ठरलेली तारीख. त्याच सुमारास पुण्यात कैलास काटकर नावाचे एक तरुण गृहस्थ दुरुस्तीचे दुकान चालवीत होते. हे मूळचे सातारा जिल्ह्यातले. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकाकडे वळलेले. दुकानात येणारी कितीतरी यंत्रे विषाणूने बिघडलेली असत. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी त्यावर उतारा लिहिला. त्यातून ‘क्विक हील’ हे औषध निघाले आणि २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारात उतरली. आपल्या मराठी दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या अडचणीतून शास्त्र उभे केले, याचे मला कौतुक वाटते आणि शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात सांगावी असेही वाटते.

परंतु विषाणू आणि हेर यांत फरक आहे. विषाणू धिंगाणा घालतो, म्हणून दिसतो. हेराला धिंगाणा परवडत नाही. ‘स्पायवेअर’ हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो २००० सालाच्या सुमारास. अमेरिकेत स्टीव्ह गिब्सन नावाच्या संगणकतज्ज्ञाला आपल्याच यंत्रात जाहिरातीचे एक सॉफ्टवेअर न विचारता येऊन बसल्याचे आढळले आणि ते आपली माहिती बाहेर पाठवीत असावे असा त्याला संशय आला. त्याने ते काढून टाकणारा ‘ऑप्टआउट’ हा कार्यक्रम लिहिला. या जातीचा तो पहिला समजला जातो. याच सुमारास ‘झोनअलार्म’सारखे पहारेकरी निघाले. जुना पहारेकरी आत कोण येतो एवढेच पाही. हा नवा पहारेकरी बाहेर कोण जातो तेही विचारू लागला. बहिर्जींच्या गोष्टीतले दुसरे सूत्र ते हेच.

आता जी हकीकत सांगावयाची आहे ती आपल्या विदर्भाच्या उंबऱ्यावरची आहे, आणि ती सांगताना जपून बोलले पाहिजे, कारण खटला न्यायालयापुढे आहे. १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगाव येथे झालेल्या हिंसाचारानंतर पुणे पोलिसांनी जो तपास केला त्यात १७ एप्रिल २०१८ रोजी दिल्लीत रोना विल्सन यांच्या आणि नागपुरात वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या घरी छापे पडले व संगणक जप्त झाले. त्या संगणकांत सापडलेली पत्रे हा आरोपांचा मोठा आधार ठरला. पुढे जानेवारी २०२० मध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. कायद्याप्रमाणे संगणकाच्या हार्ड डिस्कची हुबेहूब नक्कल आरोपींच्या वकिलांना मिळाली, आणि त्यांनी ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ‘आर्सेनल कन्सल्टिंग’ या संस्थेकडे तपासणीला दिली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या संस्थेचा पहिला अहवाल आला. त्याचे म्हणणे असे : १३ जून २०१६ रोजी विल्सन यांना ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून ईमेल आले, जोडलेला कागद उघडून पाहा, असा आग्रह पुन्हापुन्हा झाला. त्यांनी तो उघडला. समोर एक साधा कागद दिसला, आणि त्याच्या पाठीमागून ‘नेटवायर’ नावाचा कार्यक्रम गुपचूप आत येऊन बसला. तेव्हापासून जप्तीपर्यंत, म्हणजे बावीस महिन्यांहून अधिक काळ, त्या यंत्राचा कासरा परक्या हातात होता. आणि ज्या दहा पत्रांचा बोभाटा झाला ती पत्रे त्या हाताने एका लपविलेल्या फोल्डरमध्ये ठेवली. गडलिंग यांच्या संगणकाविषयीही त्याच संस्थेने जुलै २०२१ मध्ये असाच निष्कर्ष दिला : फेब्रुवारी २०१६ पासून सुमारे वीस महिने, चौदा कागद, आणि हात तोच.

हे त्यांनी ओळखले कशावरून? इथे लाखेच्या मोहरेची आठवण ठेवा. त्या यंत्रात ‘वर्ड’ हा लिहिण्याचा कार्यक्रम २००७ सालचा होता, आणि काही पत्रे तयार झाली होती ती त्यानंतरच्या, २०१० किंवा २०१३ च्या ‘वर्ड’वर. जे बियाणे आपल्या घरी आलेच नाही त्याचे पीक आपल्या वावरात कसे? शिवाय, ती पत्रे मालकाने कधी उघडून वाचल्याची एकही खूण यंत्रात नव्हती. संगणक प्रत्येक फाइलीच्या येण्याजाण्याची, उघडण्याची तारीखवेळ आपल्यापाशी लिहून ठेवतो. चिकाटीचा माणूस असला तर पुसलेल्या खुणाही काही अंशी वाचता येतात. आणि नेटवायर ज्या पत्त्यांवर बातमी धाडीत होता ते पत्तेही मिळाले. शेवटी तीच बाहेर जाणारी वाट.

राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे अहवाल मान्य केलेले नाहीत. खाजगी संस्थेचे मत म्हणजे पुरावा नव्हे, त्याची पारख खटल्यातच व्हावी, अशी तिची भूमिका राहिली. हेर कोणी पाठविला हे आर्सेनलनेही सांगितलेले नाही. खरेखोटे ठरविणे न्यायालयाचे काम. मला इथे एवढेच दाखवावयाचे आहे की, माणसाची बेडी ज्या पुराव्यावर अवलंबून आहे तो पुरावा तपासता आला तो एकाच कारणाने : हार्ड डिस्क जशीच्या तशी राहिली आणि तिची नक्कल मिळाली. विल्सन यांनी मधल्या काळात यंत्र मंद झाले म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन पुसून घेतले असते, तर हेराबरोबर त्याची पावलेही पुसली गेली असती. विल्सन यांना जामीन मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये. तोपर्यंत साडेसहा वर्षे झाली होती. नेटवायर हे हत्यार तर वर्षानुवर्षे उघड विकले जात होते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या पोलिसांनी त्याचे संकेतस्थळ जप्त केले आणि क्रोएशियात एकाला अटक झाली.

याच खटल्यातले एक आरोपी, लेखक आणि प्राध्यापक आनंद तेलतुंबडे, हे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरचे. नागपूरला अभियांत्रिकी आणि अहमदाबादला व्यवस्थापन शिकून ते पुढे गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांना कळविण्यात आले की, त्यांचा फोन ‘पेगासस’ या इस्रायली कंपनीच्या स्पायवेअरचे लक्ष्य होता. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल यावयाचा. तो उचलण्याचीही गरज नसे. त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत जगभरच्या सुमारे १,४०० फोनांवर हा प्रयोग झाल्याचे व्हॉट्सॲपने न्यायालयात सांगितले. तेलतुंबडे यांना एप्रिल २०२० मध्ये अटक झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. पेगाससचा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यात मुंबईच्या आय.आय.टी.चे प्राध्यापक अश्विन गुमास्ते होते. समितीने २९ फोन तपासले. पाचांत काहीतरी दुष्ट कार्यक्रम सापडला, पण तो पेगाससच होता असे ठामपणे म्हणता आले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. देशातल्या शहाण्यांनाही जिथे एवढे अवघड जाते, तिथे तुमच्याआमच्यासारख्यांनी काय करावे, असे कोणी म्हणेल.

तर आपल्या वाट्याला येणारे हेर पेगाससइतके महाग नसतात. ते येतात फुकटच्या विंडोजबरोबर, कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरबरोबर, या शाळेतून त्या शाळेत फिरणाऱ्या पेन ड्राइव्हवरून; आणि मोबाइलवर ‘पीएम किसान’ किंवा ‘चलन’ असे नाव घेऊन आलेल्या एपीके फाइलीतून. ही शेवटची तऱ्हा कास्तकारासाठीच बेतलेली. सरकारी योजनेचा हप्ता कधी व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलीतून येत नाही.

शाळेतला संगणक घ्या. त्यावर सरलची माहिती भरली जाते, शालार्थमधून पगाराचे काम होते, आणि कधीकधी गुरुजी बँकेचा व्यवहारही त्यावरच उरकतात. तो मंद झाला म्हणून लगेच हेर शिरला असे समजू नये. धूळ, म्हातारपण आणि कमी स्मृती यांनीच बहुतेक यंत्रे मंद होतात. संशय घ्यावा तो असा : कोणी काही करीत नसताना इंटरनेटचा खर्च वाढतो आहे, कॅमेऱ्याचा दिवा आपणहून लागतो, विषाणूरोधक कार्यक्रम आपोआप बंद पडलेला आढळतो, न मागवलेला कार्यक्रम यादीत दिसतो. कळफलकाची वायर संगणकाला जिथे जोडली आहे तिथेही एकदा वाकून पाहावे. बोटाच्या पेराएवढा आगंतुक तुकडा मध्ये दिसला तर तो कळा टिपणारा असू शकतो, आणि त्याला कोणतेही सॉफ्टवेअर पकडणार नाही.

त्यानंतर टास्क मॅनेजर उघडून, यंत्र सुरू होतानाच कोणकोण उठून बसते ती यादी पाहावी. स्थापित कार्यक्रमांची यादी तारखेप्रमाणे लावावी. रिसोर्स मॉनिटरमध्ये नेटवर्कचा भाग असतो. कोणता कार्यक्रम बाहेर कोणाशी बोलतो आहे ते तिथे दिसते. अनोळखी नाव दिसले की लगेच पुसू नये, कारण विंडोजची स्वतःची नावेही विचित्र असतात. नाव कागदावर उतरवून घ्यावे आणि जाणत्याला विचारावे.

खात्री होत आली की पहिले काम म्हणजे इंटरनेट तोडणे. हेराची वाट बंद झाली. दुसरे काम विचाराचे : पैसे गेले आहेत काय, कोणाच्या नावावर काही खोटे झाले आहे काय? तसे असेल तर यंत्राला पुढे हात लावू नये, काही पुसू नये. ते पोलिसांच्या सायबर शाखेपर्यंत तसेच जावे. तसे नसेल तर आपले कागद, फोटो, तक्ते तेवढे वेगळे काढून ठेवावेत. कार्यक्रमांच्या फाइली घेऊ नयेत, नाहीतर पऱ्हाटीबरोबर अळीही साठविल्यासारखे होईल. मग विंडोजच्या डिफेंडरमधील ऑफलाइन तपासणी चालवावी. ही तपासणी विंडोज जागे होण्याआधी होते, म्हणून लपणाऱ्या कार्यक्रमाला लपायला उसंत मिळत नाही. सरकारने २०१७ साली सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. त्याच्या संकेतस्थळावर सफाईची साधने विनामूल्य मिळतात. पडद्यावर अचानक ‘तुमच्या संगणकात शंभर विषाणू, येथे दाबा’ अशी पाटी झळकली तर ती मात्र दाबू नये. खोटे औषध विकणाऱ्यांची ती जुनी युक्ती आहे.

एवढे करूनही शंका उरली तर यंत्र कोरे करून विंडोज नव्याने, अस्सल प्रतीवरून घालावे. विंडोज १० ला सर्वसाधारण ग्राहकांसाठी मिळणारी संरक्षणाची मोफत डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तेव्हा शाळांनी हेही बघून घ्यावे. आणि पासवर्ड बदलावयाचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून. घरात चोर बसलेला असताना नवे कुलूप घेऊन किल्ली त्याच्यासमोर टांगण्यात अर्थ नाही.

पासवर्ड परक्या हाती गेला तर काय होते याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले. आर्णी तालुक्यातील शेंदूरसनी हे जेमतेम दीड हजार वस्तीचे गाव. त्या ग्रामपंचायतीच्या नावाने जन्मनोंदणीच्या प्रणालीत तीनच महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्म नोंदले गेल्याचे २०२५ च्या अखेरीस उघड झाले. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. हे स्पायवेअरने झाले असे मी म्हणत नाही. पासवर्ड फुटायला शेजाऱ्याला सांगितलेला एक आकडाही पुरतो. पण आकड्यांकडे कोणी पाहिले म्हणून ते सापडले, हे खरे. महिन्याकाठी आपल्या नोंदींची बेरीज स्वतः करून पाहणारा ग्रामसेवक किंवा शिक्षक हा कोणत्याही सॉफ्टवेअरइतकाच चांगला पहारेकरी आहे.

कायदा आपल्या बाजूला आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या संगणकात असला कार्यक्रम लबाडीने घालणे हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर फोन करावा, आणि तोही ताबडतोब, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखता आला तरच उपयोग. तक्रारीत संशय कधी आला, पडद्यावर काय दिसले, त्यानंतर यंत्राला कोणी कोणी हात लावला हे तारीखवेळेसह लिहावे. संगणकाचे घड्याळ मागेपुढे असेल तर ते दुरुस्त करू नये. किती मिनिटांचा फरक आहे तेवढा तक्रारीत लिहून द्यावा.